विश्लेषण : नवा प्रोसेसर येतोय म्हणून कॉम्प्युटर घ्यायचं थांबावं का? चौसाळ्यातल्या काउंटरवरून पाहिलेला हिशेब

समजा, धुळे-सोलापूर महामार्गावरच्या चौसाळ्यात तुमचं ऑनलाईन सेवांचं दुकान आहे. बाहेर 'झेरॉक्स, पॅनकार्ड, पीक विमा, सर्व दाखले' असा बोर्ड, आत दोन टेबलं आणि टेबलाखाली आठ-नऊ वर्षांपूर्वी असेंबल करून आणलेला कॉम्प्युटर. तो सुरू व्हायला पाच मिनिटं घेतो. क्रोमच्या चार टॅब उघडल्या की अडकतो. आणि गेल्या ऑक्टोबरपासून स्क्रीनवर एक सूचना येते: तुमच्या विंडोज १० चा सपोर्ट संपला आहे.

कॉम्प्युटर बदलायला हवा, हे तुम्हाला कळतंय. पण यूट्यूबवरचा प्रत्येक दुसरा व्हीडिओ सांगतोय की थोडं थांबा, इंटेलचे नवे प्रोसेसर येत आहेत. भाचा म्हणतो, "मामा, आता घेतलात तर सहा महिन्यांत जुना होईल." बीडचा दुकानदार म्हणतो, "आज घ्या, पुढच्या आठवड्यात रॅम अजून महाग होईल."

कुणाचं ऐकायचं? दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे. म्हणूनच हा गोंधळ नीट सोडवून पाहायला हवा.

हा प्रश्न आत्ताच का उभा राहिला?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा मोफत सपोर्ट थांबवला. याचा अर्थ कॉम्प्युटर बंद पडला, असा नाही. तो चालूच राहतो. पण यापुढे सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींवरचे दुरुस्तीचे अपडेट त्याला आपोआप मिळत नाहीत.

ही तारीख आपल्याकडे कोणत्या दिवसांत आली, तेही आठवून बघा. सप्टेंबर २०२५ मधल्या अतिवृष्टीनं बीडसह मराठवाड्यात पिकं आणि माती वाहून गेली होती. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारनं ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. फार्मर आयडी, बँक खातं, आधार लिंक, शिवाय लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, अशा कामांचे ते दिवस होते. गावागावांतल्या सेवा केंद्रांवर माणसं कागद घेऊन येत होती आणि नेमक्या त्याच आठवड्यात काउंटरवरचा कॉम्प्युटर सुरक्षेच्या हिशेबात जुना ठरला.

अशा दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये शेकडो लोकांचे आधार, पॅन, पासबुकचे स्कॅन पडून असतात. त्यामुळे 'चालतोय तोवर चालू दे' हे धोरण इथं महागात पडू शकतं. याचं मोठं उदाहरण २०१७ मधलं आहे. मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधल्या एका त्रुटीवरची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती टाकली नव्हती, अशा जगभरातल्या कॉम्प्युटरमध्ये मे महिन्यात 'वॉनाक्राय' घुसला. जूनमध्ये आलेल्या 'पेट्या' हल्ल्यात तर नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं.

मग सरळ विंडोज ११ टाकता येत नाही का?

इथंच प्रोसेसरचा संबंध येतो. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टनं काही अटी घातल्या आहेत. मदरबोर्ड किंवा प्रोसेसरमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी आणि प्रोसेसर मान्यताप्राप्त यादीतला हवा. साध्या भाषेत, इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. एएमडीचा असेल तर साधारण रायझन २००० मालिकेतला किंवा त्यानंतरचा.

आपली पिढी कशी ओळखायची? 'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. तिथं प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसेल. 'आय५-४५७०' असेल तर चौथी पिढी, 'आय३-७१००' असेल तर सातवी, 'आय५-८४००' असेल तर आठवी, 'आय३-१२१००' असेल तर बारावी. म्हणजे डॅशनंतरचा पहिला आकडा, आणि पाच आकडी नंबर असेल तर पहिले दोन आकडे.

हे समजणं फार गरजेचं आहे. कारण 'आय७, १६ जीबी रॅम, एसएसडी' असं लिहून स्वस्तात विकले जाणारे बरेच असेंबल कॉम्प्युटर आतून तिसऱ्या-चौथ्या पिढीचे असतात. नाव आय७ असलं तरी विंडोज ११ च्या यादीत ते बसत नाहीत. आणि बाराव्या पिढीचा साधा आय३ अनेक कामांत त्या जुन्या आय७ च्या पुढे असतो.

अटी चुकवून जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकण्याचे उपाय यूट्यूबवर सापडतात. ते चालतातही. पण अशा कॉम्प्युटरला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे ज्या कारणासाठी बदल करायचा, ते कारण शिल्लकच राहतं.

एक वर्षाची सवलत आहे, पण तिची शेवटची तारीख बघा

विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेचे अपडेट एक वर्ष वाढवून दिले आहेत. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं नोंदणी करावी लागते. सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर त्यासाठी पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलरचा पर्याय आहे. सेटिंग्जमध्ये 'विंडोज अपडेट'च्या पानावर ही नोंदणी करता येते. कंपन्या आणि संस्थांसाठी वेगळी, पैसे भरून घ्यायची योजना आहे.

ही सवलत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. ही तारीख लक्षात ठेवा. पुढचा सगळा हिशेब तिच्याभोवती फिरतो.

येणारे नवे प्रोसेसर नेमके कोणते?

डेस्कटॉपच्या बाजारात दोनच मोठे खेळाडू आहेत, इंटेल आणि एएमडी.

इंटेलची सध्याची डेस्कटॉप मालिका म्हणजे 'कोअर अल्ट्रा २००'. तिचं आतलं नाव 'अ‍ॅरो लेक'. ती ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. पुढची मोठी पिढी 'नोव्हा लेक' आहे आणि ती २०२६ च्या अखेरीस येईल, असं इंटेलनं सांगितलंय. तिच्यासाठी सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागाही बदलणार, असं या उद्योगातल्या बातम्यांमधून पुढे आलंय. सॉकेट बदलला की नुसता प्रोसेसर घेऊन भागत नाही, मदरबोर्डही नवा लागतो.

एएमडीची सध्याची मालिका 'रायझन ९०००' ऑगस्ट २०२४ मध्ये आली. पुढच्या 'झेन ६' या आराखड्याची घोषणा कंपनीनं केली आहे. एएमडीबाबत एक वेगळी गोष्ट आहे. २०२२ मध्ये आणलेला 'एएम५' हा सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालू ठेवू, असं कंपनीनं जाहीर केलंय.

हा दिलासा नुसता कागदावरचा नाही. २०१७ मध्ये पहिल्या रायझनबरोबर घेतलेल्या अनेक 'एएम४' मदरबोर्डवर बायोस अपडेट करून २०२२ चा रायझन ५ ५६०० बसवता येतो. म्हणजे पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलला, बाकी सगळं तेच. अशा प्लॅटफॉर्मवर आज साधा प्रोसेसर घेऊन पुढे मोठा बसवता येतो. थांबायचंच असेल तर कॉम्प्युटर घेऊनही थांबता येतं.

याआधी जे थांबले, त्यांना काय मिळालं?

भविष्य सांगता येत नाही, पण मागचा अनुभव बघता येतो. तो संमिश्र आहे.

थांबून फारसं हाती न लागल्याचं उदाहरण २०२३ चं. इंटेलच्या तेराव्या पिढीनंतर चौदावी येणार म्हणून अनेकजण थांबले. ऑक्टोबर २०२३ मध्ये चौदावी पिढी आली, तेव्हा आय७ चा अपवाद सोडला तर ती बरीचशी तेरावीच होती, थोडी वेगवान केलेली. पुढच्याच वर्षी या दोन्ही पिढ्यांतल्या काही जास्त ताकदीच्या प्रोसेसरमध्ये कॉम्प्युटर अचानक बंद पडण्याची अडचण समोर आली. इंटेलला ऑगस्ट २०२४ मध्ये दुरुस्तीचा कोड द्यावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली.

दुसरं उदाहरण २०२४ चं. 'अ‍ॅरो लेक'ची खूप वाट पाहिली गेली. वीज वाचवण्यात तो चांगला निघाला, पण गेमिंगच्या चाचण्यांत सुरुवातीला तो अनेक ठिकाणी जुन्या चौदाव्या पिढीच्याही मागे पडला. लाँच ठरल्यासारखं झालं नाही, हे कंपनीनंही मान्य केलं. नवी पिढी म्हणजे प्रत्येक कामात वेगवान, असं गृहीत धरता येत नाही.

आता उलट उदाहरण. २०१७ च्या सुरुवातीला इंटेलच्या सातव्या पिढीचा आय५ चार कोअरचा होता. मार्चमध्ये एएमडीनं आठ कोअरचा रायझन आणला आणि ऑक्टोबरमध्ये इंटेलनं आठव्या पिढीचा आय५ सहा कोअरचा केला. त्या वर्षी जो थांबला, त्याला खरोखर जास्त मिळालं. गंमत म्हणजे चार वर्षांनी मायक्रोसॉफ्टनं विंडोज ११ ची रेषा आखली ती नेमकी या दोन पिढ्यांच्या मध्ये. सातवीवाले बाहेर, आठवीवाले आत. मे २०१७ मध्ये खरेदी करणारा आज कात्रीत आहे आणि नोव्हेंबरमध्ये करणारा निश्चिंत.

पण हे २०१७ मध्ये कुणालाच माहीत नव्हतं. थांबण्यातला फायदा कधी कधी खरा असतो. तो आधी ओळखता मात्र येत नाही.

साध्या माणसाच्या बजेटचा प्रोसेसर पहिल्या दिवशी येत नाही

व्हीडिओंमध्ये सहसा न सांगितली जाणारी गोष्ट ही. नवी पिढी आली की आधी बाजारात येतात महागडे, जास्त ताकदीचे प्रोसेसर आणि महागडे मदरबोर्ड. दुकानात, घरात, शाळेत लागणारे स्वस्त प्रोसेसर काही महिन्यांनी येतात.

चौदाव्या पिढीचे महागडे प्रोसेसर ऑक्टोबर २०२३ मध्ये आले, साधे जानेवारी २०२४ मध्ये. अ‍ॅरो लेकचे महागडे ऑक्टोबर २०२४ मध्ये, साधे जानेवारी २०२५ मध्ये. एएमडीचा रायझन ५ ७६००एक्स सप्टेंबर २०२२ मध्ये २९९ डॉलरला आला आणि साधा ७६०० जानेवारी २०२३ मध्ये २२९ डॉलरला. त्याच्यासाठीचा सर्वांत स्वस्त श्रेणीतला मदरबोर्ड यायला त्यानंतरही काही महिने लागले.

हाच क्रम पुन्हा चालला, तर २०२६ च्या अखेरीस येणाऱ्या पिढीतला आपल्या बजेटचा प्रोसेसर प्रत्यक्षात २०२७ उजाडल्यावर मिळेल. त्यानंतर तो पुण्याच्या तपकीर गल्लीत, मग संभाजीनगरला, मग बीडला.

आता ती तारीख आठवा. विंडोज १० ची वाढीव मुदत संपते १३ ऑक्टोबर २०२६ ला. म्हणजे जो 'नव्या पिढीचा स्वस्त प्रोसेसर घेईन' म्हणून थांबलाय, त्याला मधले काही महिने सुरक्षेच्या अपडेटशिवाय काढावे लागतील. शिवाय त्याआधी दुकानाचा सगळ्यात मोठा हंगाम येऊन जाईल. जूनमधले प्रवेश आणि दाखले, जुलैमधला खरिपाचा पीक विमा. हा हंगाम तो पाच मिनिटांत सुरू होणाऱ्या जुन्या मशीनवरच काढणार.

थांबण्याची किंमत यंदा जास्त का आहे?

एरवी कॉम्प्युटरच्या बाबतीत एक नियम चालायचा: थांबलं की स्वस्त मिळतं. यंदा तो चालत नाहीये. कारण प्रोसेसर नाही, रॅम आहे.

जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयसाठी उभ्या राहणाऱ्या प्रचंड डेटा सेंटरना खास प्रकारची महागडी मेमरी लागते. तिच्यात नफा जास्त आहे, म्हणून कारखान्यांची क्षमता तिकडे वळली. घरगुती कॉम्प्युटरच्या रॅमचा तुटवडा झाला आणि २०२५ च्या शेवटच्या काही महिन्यांत डीडीआर५ रॅमच्या किमती दुपटीहून जास्त झाल्या. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉननं जाहीर केलं की 'क्रुशल' या नावानं सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा व्यवसायच आपण बंद करतोय. आपल्याकडे असेंबल करणाऱ्या प्रत्येक दुकानात हे नाव माहीत आहे. एसएसडीही याच कारणानं महागल्या.

याच डिसेंबरमध्ये रुपयानं डॉलरमागे ९० चा टप्पा ओलांडला. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम हे सगळं आयात होतं. त्यामुळे परदेशात किंमत तीच राहिली तरी इथं बिल वाढतं.

जीएसटीचीही वाट पाहण्यात अर्थ नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले, तेव्हा टीव्ही आणि मोठ्या मॉनिटरवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पण कॉम्प्युटर आणि त्याचे सुटे भाग आधीपासूनच १८ टक्क्यांत होते आणि तिथंच राहिले.

आणि 'भारतात चिप बनायला लागल्या की स्वस्त होईल' हे? गुजरातमध्ये धोलेरा इथं टाटांचा कारखाना उभा राहतोय. तो प्रामुख्यानं गाड्या, उपकरणं अशा ठिकाणी लागणाऱ्या २८ नॅनोमीटर आणि त्यापेक्षा जुन्या तंत्राच्या चिपसाठी आहे. डिसेंबर २०२५ मध्ये टाटा आणि इंटेल यांच्यात सहकार्याचा करार झाला, तोही प्राथमिक स्वरूपाचा. देशासाठी ही पावलं मोठी आहेत, पण चौसाळ्यातल्या काउंटरवरचं यंदाचं बिल त्यानं कमी होणार नाही.

नव्या पिढीचे सगळे प्रोसेसर डीडीआर५ रॅम मागतात, हा त्यातला खरा पेच आहे. नव्या प्रोसेसरसाठी थांबणं म्हणजे महागलेल्या रॅमच्या रांगेत उभं राहणं. याउलट इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीत डीडीआर४ चे मदरबोर्ड मिळतात आणि एएमडीचा एएम४ तर डीडीआर४ चाच आहे. तुमच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये डीडीआर४ रॅम असेल, तर ती तशीच पुढे वापरता येते. आजच्या भावात ही छोटी बचत नाही.

नव्या प्रोसेसरनं तुमचं काम खरंच वेगवान होईल?

दुकानात काय काय हळू चालतं, याची एकदा यादी करा.

पहिलं, कॉम्प्युटर सुरू व्हायला लागणारा वेळ. याला बहुतेक वेळा जुनी हार्डडिस्क कारणीभूत असते. तिच्या जागी एसएसडी बसवली की पाच मिनिटांचं काम अर्ध्या मिनिटावर येऊ शकतं. त्यासाठी नव्या पिढीचा प्रोसेसर लागत नाही.

दुसरं, टॅब उघडल्या की अडकणं. याचं कारण बहुधा ४ जीबी रॅम. आज ८ जीबी ही किमान गरज समजा.

तिसरं, आणि सगळ्यात जास्त डोकं खाणारं: शेवटच्या तारखेला गोल गोल फिरणारं पोर्टल, न येणारा ओटीपी. हे दूरच्या सर्व्हरवर ठरतं, मधल्या नेटवर्कवर ठरतं. तुमच्या टेबलाखाली जगातला सर्वांत महाग प्रोसेसर ठेवला तरी सर्व्हर डाऊन तो डाऊनच.

चौथं, खरोखर प्रोसेसर घाम गाळतो अशी कामं: लग्नाच्या व्हीडिओचं एडिटिंग, मोठ्या फ्लेक्सच्या फाइल, शेकडो फोटोंवर एकाच वेळी प्रक्रिया, गेमिंग, स्वतःच्या मशीनवर एआय चालवणं. तुमचं काम या चौथ्या गटात असेल, तरच पिढीचा फरक तुम्हाला रोज जाणवेल.

मग करायचं काय?

तुमचा कॉम्प्युटर आठव्या पिढीचा किंवा नवा असेल : काहीच विकत घेऊ नका, निदान प्रोसेसर तरी नाही. एसएसडी नसेल तर टाका, रॅम ८ जीबी करा आणि विंडोज ११ वर जा. 'टीपीएम नाही' असा मेसेज आला, तरी घाबरू नका. अनेक मदरबोर्डमध्ये ते असतं, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. इंटेलमध्ये ते 'पीटीटी' आणि एएमडीमध्ये 'एफटीपीएम' या नावानं दिसेल.

पहिल्या पिढीचा रायझन असेल : मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवर तुमचं मॉडेल शोधा. रायझन ५००० मालिकेला सपोर्ट असेल तर बायोस अपडेट करून फक्त प्रोसेसर बदला.

इंटेलची सहावी किंवा सातवी पिढी आणि डीडीआर४ रॅम असेल : मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदला, रॅम, एसएसडी, मॉनिटर तेच ठेवा. कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय चालतील का, ते दुकानदाराकडून तपासून घ्या. कार्यालयीन कामाला बाराव्या पिढीचा आय३ पुरेसा आहे.

चौथ्या पिढीचा, डीडीआर३ चा असेल : त्यावर आता मोठा खर्च करू नका. आजच वाढीव अपडेटची नोंदणी करा आणि जूनच्या हंगामाआधी नवा किंवा पावती-वॉरंटीसह जुना, पण आठव्या पिढीनंतरचा कॉम्प्युटर घ्या. पैसे नसतील तर १३ ऑक्टोबर २०२६ ही तुमची शेवटची मुदत.

एडिटिंग, गेमिंग, एआयचं काम असेल आणि सध्याचं मशीन ठीक चालत असेल : तुम्ही थांबू शकता. पण पहिल्याच आठवड्यात उडी मारू नका. चाचण्या येऊ द्या, साधे मदरबोर्ड येऊ द्या.

खरेदीला निघण्याआधी पाच गोष्टी

एक, तुमची जुनी साधनं नव्या विंडोजवर चालतात का ते आधी विचारा. अंगठ्याचं मशीन, स्कॅनर, डिजिटल सहीचं टोकन यांचे ड्रायव्हर बघा. लग्नपत्रिका आणि बॅनरसाठी श्रीलिपीसारखं सॉफ्टवेअर डोंगलवर चालत असेल, तर तुमची आवृत्ती विंडोज ११ वर चालते का, हे विक्रेत्याला विचारा. नाहीतर नवा कॉम्प्युटर येईल आणि ऐन लग्नसराईत काम जुन्यावरच करावं लागेल.

दोन, यूपीएसचा विचार करा. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा भार पेलतो. बाराव्या पिढीचा आय३ मुळात ६० वॅटचा आहे, तर चौदाव्या पिढीचा तगडा आय७ जोर लावला की २५० वॅटपर्यंत जातो. वीज जाते त्या गावात हा फरक थेट जाणवतो.

तीन, बॉक्समधला प्रोसेसर घ्या आणि जीएसटीचं बिल घ्या. सुटा, 'ट्रे'चा प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो, पण त्याची वॉरंटी बहुतेक दुकानदाराच्या शब्दावर असते.

चार, सर्व्हिस सेंटर कुठं आहे ते विचारा. मदरबोर्ड बिघडला तर मांजरसुंबा ओलांडून बीडला किती फेऱ्या आणि किती दिवस दुकान बंद, हाही किमतीचाच भाग आहे.

पाच, जुना कॉम्प्युटर विकताना किंवा भंगारात देताना डिस्क काढून ठेवा किंवा पूर्ण पुसा. तिच्यावर गावातल्या लोकांची कागदपत्रं आहेत.

वाट कशाची पाहायची?

प्रोसेसरची पुढची पिढी कायमच येऊ घातलेली असते. नोव्हा लेक आला की त्याच्या पुढच्याची चर्चा सुरू होईल. त्यामुळे 'नवीन येतंय' हे थांबण्याचं कारण होऊ शकत नाही. थांबायचं तर तीन गोष्टी एकत्र जुळायला हव्यात: येणाऱ्या वस्तूची तारीख पक्की हवी, तिच्यातला बदल तुमच्या कामाला उपयोगी हवा आणि तोवर जुनं मशीन सुरक्षितपणे चालायला हवं. चौसाळ्यातल्या आपल्या दुकानाच्या बाबतीत तिन्हींचं उत्तर 'नाही' असं येतं.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. पुढच्या वर्षी बियाण्याचं सुधारित वाण येणार आहे म्हणून कुणी यंदाचं रान पडीक ठेवत नाही. वाफसा आला की पेरणी करावी लागते. दुकानाचा वाफसा जूनच्या आधी आहे.

भाच्याला एवढंच सांगा: कंपनीच्या कॅलेंडरवर नोव्हा लेकची तारीख आहे, तुझ्या मामाच्या कॅलेंडरवर ३१ जुलैचा पीक विमा आहे. कॉम्प्युटर त्या दुसऱ्या कॅलेंडरसाठी घ्यायचा आहे.